वाचकांचे प्रश्न : खुबा बदलायचाय, पण जीव धजत नाही

खुब्याच्या ऑपरेशनबद्दलची पत्रं या वेळी बरीच आली. त्यातली तीन थोडी आटोपशीर करून इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नव्हे. सोलापुरात अस्थिरोगाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. कुठली गोळी किती आणि कधी, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं. बाकी जे वर्षानुवर्षं खाटेशेजारी उभं राहून पाहिलं, ते मी सांगते.

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. माझं वय ६२. घरी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवायचं काम मी लग्न झाल्यापासून केलं. आता उजवा खुबा पार झिजलाय, हाडाला हाड घासतंय म्हणे. रात्री कूस बदलता येत नाही, चप्पल घालायला सून लागते. सांधा बदलायला दिवाळीनंतरची तारीख मिळाली होती, ती मीच ‘सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा होऊ दे’ म्हणून पुढं ढकलली. आता गड्डाही झाला. नवी तारीख पुढच्या महिन्यात आहे आणि माझा जीव धजत नाही. माझ्या सासूबाईंचा खुबा मोडला होता, त्याला आता पस्तीस वर्षं होतील. पायाला वजन लावून खाटेवर पडल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांचं हागणं-मुतणं, पाठीच्या जखमा, सगळं मी काढलं. शेवटी छातीत कफ भरून गेल्या. ते डोळ्यापुढून हलत नाही. भूल उतरलीच नाही तर, असंही मनात येतं. मला शुगर आहे. घरचे म्हणतात, त्यात काय घाबरायचं, सगळ्यांचंच होतंय आता. आणि एक विचारायची लाज वाटते, मंगळसूत्र नि बांगड्या काढाव्याच लागतात का?
– एक भगिनी, दत्त नगर, सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या मूळ पत्रात भुलेबद्दल एक ओळ आहे आणि सासूबाईंबद्दल जवळजवळ पानभर. म्हणून मी आधी सासूबाईंकडेच वळते.

त्यांना जे भोगावं लागलं ते ऑपरेशनमुळे नव्हतं. त्यांचं ऑपरेशन झालंच नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं मांडीचं हाड वरच्या टोकाशी मोडलं की त्या काळी पुष्कळ घरांत ‘आता या वयात कुठे चिरफाड’ म्हणत, पैशांचीही अडचण असे, आणि मग पायाला पट्ट्या गुंडाळून किंवा नडगीच्या हाडातून सळई घालून खाटेच्या टोकाला वजन टांगायचं, खाटेच्या पायांखाली विटा लावायच्या आणि हाड जुळायची वाट बघायची. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या वॉर्डात अशा आज्या ओळीनं असायच्या. हाड जुळेल न जुळेल, पण महिनोन्‌महिने पाठीवर पडून राहिल्यानं माकडहाडाशी जखमा होत, लघवीला जंतुसंसर्ग होई, पायात रक्ताच्या गुठळ्या धरत, छाती भरे. माणूस खुब्यानं जात नसे, पडून राहिल्यानं जाई. आज तोच खुबा मोडला तर शक्य तितक्या लवकर, एक-दोन दिवसांतच ऑपरेशन करून माणसाला उभं करायची धडपड असते, आणि ती याच अनुभवातून आली आहे.

आता तुमचं बघा. तुमचं हाड मोडलेलं नाही, सांधा झिजलाय. तुम्ही दवाखान्यात स्वतःच्या पायांनी, काठी टेकत का होईना, चालत जाणार आहात. तपासण्या करून, शुगर आटोक्यात आणून, ठरवलेल्या दिवशी. मांडीच्या हाडाचा झिजलेला गोळा काढून त्या जागी धातूची दांडी आणि तिच्यावर नवा गोळा बसवतात. कमरेच्या हाडातली खोबण साफ करून तिथे नवी वाटी बसवतात. साधारण तास-दोन तासांचं काम. आणि बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी, काही ठिकाणी त्याच संध्याकाळी, फिजिओथेरपिस्ट येऊन वॉकर हातात देतात. सासूबाईंना महिनोन्‌महिने खाटेवर ठेवलं गेलं. तुम्हाला कुणी खाटेवर राहू देणारच नाही. वेदना होत असताना ‘चला आजी, उठा’ म्हणणाऱ्या त्या पोरीचा तुम्हाला राग येईल, एवढं मात्र नक्की.

पण ताई, मला वाटतं या भीतीच्या आत आणखी एक आहे. तुम्ही सासूबाईंचं सगळं काढलंत, आणि आता आपलं कोण काढणार, सुनेला किती त्रास द्यायचा, हा घोर तुम्हाला लागलाय. वॉर्डात बायका सुरीला जितक्या भीत तितक्याच बेडपॅनला भीत, हे मी खात्रीनं सांगते. काही जणी तर लघवीला लागू नये म्हणून आदल्या दिवसापासून पाणीच कमी प्यायच्या. असं अजिबात करू नका. पहिला दिवस बहुधा लघवीची नळी असते. एक-दोनदा भांडं घ्यावं लागेल, ते वॉर्डातल्या मावशी देतात, त्यांचं ते रोजचं काम आहे. एकदा वॉकर धरून उभं राहता आलं की कमोडपर्यंत तुम्हीच जाता. घरी आल्यावर आंघोळीला, पायात सपाता घालायला, खाली पडलेलं उचलायला काही आठवडे कुणीतरी लागेल. साधारण सहा आठवड्यांनी वॉकर सुटून काठी येते, कुणाची आधी, कुणाची मागाहून. एवढीच ही सेवा आहे आणि तिला शेवट आहे. सुनेला जवळ बसवून हे असंच्या असं सांगा. तिलाही ते कुणी सांगितलेलं नसणार आणि तीही मनातल्या मनात घाबरलेली असणार.

भुलेचं म्हणाल, तर या ऑपरेशनला बहुतेकदा कमरेत मणक्यातून इंजेक्शन देतात. बसवून किंवा कुशीवर वळवून पाठीची कमान करायला सांगतात. सुई टोचल्याचं कळतं, मग पाय कोमट होतात, जड होतात आणि थोड्या वेळानं आपले वाटेनासे होतात. ती भूल काही तासांनी आपोआप उतरते. आधी बोटं हलतात, मग पाऊल. भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ तुमच्या उशाशी असतात, नाडी, रक्तदाब, श्वास बघत. एक गोष्ट मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते, कारण कुणी सांगत नाही आणि मग टेबलावर धसका बसतो : जागं राहिलात तर ठोकाठोकीचा आवाज ऐकू येतो. हाडात दांडी बसवायला हातोडी लागते. दुखत नाही, पण आवाज येतो आणि अंग हलल्यासारखं वाटतं. तो ऐकायचा नसेल तर ‘मला झोपेचं थोडं औषध द्या’ असं भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच सांगा. खुशाल सांगा. ऑपरेशन थिएटरात गार पण फार असतं. आपल्या सोलापूरच्या उन्हातून गेलेली माणसं तिथे कुडकुडतात आणि त्यांना वाटतं आपण भीतीनंच थरथरतोय. पांघरूण मागायचं.

धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, तुम्हाला ते पटणारही नाही. सांध्याला जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. नवा गोळा वाटीतून निसटण्याचं प्रमाण शंभरात एक ते तीन. पायात गुठळी होऊ शकते, म्हणून रक्त पातळ ठेवायचं औषध देतात आणि पावलं वर-खाली हलवायला लावतात. पाय किंचित लांब-आखूड वाटू शकतो. जिवावर बेतणं फार विरळ. ठरवून केलेल्या या ऑपरेशनांच्या मोठ्या नोंदींत महिन्याभरात दगावणारे हजारात पाचांहूनही कमी आहेत. ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यांपेक्षा हे आकडे जास्त धीर देतात, असा माझा अनुभव आहे. आकड्याला कड असते. नुसत्या भीतीला ती नसते.

आणि यातले काही धोके कमी करणं तुमच्याच हातात आहे. त्याच कामाला आता लागा. शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते, एचबीए१सी. ती साडेसात-आठच्या आत असावी असं बहुतेक डॉक्टर बघतात. जास्त असली तर तारीख थोडी पुढे जाईल, आणि तशी ती गेली तर ते चांगलंच आहे. शुगरची काही नवी औषधं ऑपरेशनच्या तीन-एक दिवस आधी बंद करावी लागतात, तेव्हा सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञांपुढे ओता. त्यात सांधेदुखीच्या त्या बिननावाच्या पुड्याही आल्या. कुणी ‘जडीबुटी आहे’ म्हणून दिल्या असल्या आणि दोन दिवसांत दुखणं पळालं असलं, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता असते. खूप दिवस घेतल्या असतील तर डॉक्टरांना हे कळलंच पाहिजे, भुलेच्या वेळी त्यानं फरक पडतो. कुणी रागावणार नाही, रागावले तरी सांगा.

मिश्रीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, तरी मी विचारते. लावता का? आपल्याकडच्या बायका ‘मला कसलंच व्यसन नाही’ म्हणतात आणि सकाळी उठून बोटानं मिश्री लावतात. तो जाळलेला तंबाखूच आहे. जखम भरायला त्यानं वेळ लागतो, संसर्गाची भीती वाढते. आजच बंद करा, निदान चार आठवडे आधी तरी. दात किडलेला असेल, लघवीला जळजळ असेल, पायाला कुठे चिखल्या, फोड, भेग असेल, तर तेही आधी दाखवून घ्या. तिथले जंतू रक्तातून नव्या सांध्याशी जाऊ शकतात.

आता मंगळसूत्र. यात लाजण्यासारखं काहीच नाही, हा प्रश्न शंभर बायकांच्या मनात असतो आणि एखादीच विचारते. हो, काढावं लागतं. रक्त थांबवायला विजेवर चालणारं यंत्र वापरतात, अंगावर धातू असला तर तिथे भाजायचा धोका असतो. हात सुजले तर बांगड्या रुततात. नखांचा नि ओठांचा रंग डॉक्टरांना दिसावा लागतो, म्हणून नेलपॉलिश, लिपस्टिकही नको. पण घाईत ऐनवेळी कुणीतरी बांगड्या वाढवल्या म्हणून रडत थिएटरात गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि ते टाळता येतं. आदल्या दिवशी कासाराकडे जा. तो साबण लावून एकही न फुटता अख्खा चुडा उतरवून देईल. मंगळसूत्र तुमच्या हातानं काढा आणि मालकांच्या खिशात ठेवायला द्या. वॉर्डात परत आल्यावर त्यांच्याच हातून घाला. एक आजी मला म्हणाल्या होत्या, ‘ते त्यांच्याजवळ आहे म्हणजे माझ्याजवळच आहे.’ त्यानंतर मी प्रत्येकीला हेच सांगत आले.

घरचे ‘त्यात काय घाबरायचं’ म्हणतात ते प्रेमानं म्हणतात, पण त्यानं माणूस गप्प होतो आणि भीती आत राहते. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, त्यांना काम लावा. मुलाला म्हणा, माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल आणि मी लिहिलेले प्रश्न वाचून विचार. सिमेंटनं बसवणार की बिनासिमेंटचा? चीर पुढून की मागून? किती दिवस काय करायचं नाही? रक्त लागलं तर सोय काय? घरी सोडल्यावर ताप आला, जखमेतून पाणी आलं, पोटरी सुजली, तर कोणत्या नंबरावर फोन करायचा? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, तो मोठ्या अक्षरात लिहा.

आणि डॉक्टरांना म्हणा, तीन-चार महिन्यांपूर्वी हेच ऑपरेशन झालेल्या एखाद्या बाईंना विचारून माझी गाठ घालून द्या. त्यांच्या घरी जा. त्या खुर्चीतून कशा उठतात, जिना कसा चढतात ते डोळ्यांनी बघा. तुमच्या डोळ्यापुढे पस्तीस वर्षांपूर्वीची एक खाट आहे, तिच्या शेजारी चालती-फिरती बाई उभी राहायला हवी. उलट हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत हा विषय काढू नका. तिथे कुणाच्या तरी नणंदेच्या शेजारणीचं काहीतरी बिघडलेलं असतंच.

वॉकरनं चालायचा सराव आत्ताच करा, दुखत नाही त्या दिवशी. पलंगावर पडून मांडीचे स्नायू आवळून सोडायचे, पावलं हलवायची, खोल श्वास घेऊन खोकायचं, हे फिजिओकडून शिकून घ्या. रात्री अकरा-बाराला भीती फार दाटते, तेव्हा निपचित पडून राहण्यापेक्षा हे व्यायाम केलेले बरे. आठवडाभर झोपच नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडतंय, असं झालं तर डॉक्टरांना सांगा. त्यालाही औषध आहे.

मांडी घालून नि उकिडवं बसणं मात्र पुढेही टाळायला सांगतात. काही डॉक्टर नंतर थोडी मोकळीक देतात, ते तुमचं तुम्ही विचारा. शिलाई मशीन पायाची असेल तर मोटार बसवून घ्या. सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाल तेव्हा उभ्यानं हात जोडा.

प्रश्न : मी ३९ वर्षांचा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर काम करतो. २०२१ मध्ये मोठ्या आजारपणात स्टेरॉइड घ्यावी लागली. आता दोन्ही खुब्यांचा रक्तपुरवठा गेलाय असं निदान आहे, उजवा गोळा बसलाय, म्हणजे खचून चपटा झालाय. बदलायला सांगितलंय. ऑपरेशनची नाही, पुढची भीती वाटते. नव्या वाटीतलं ते प्लास्टिक किती वर्षं पुरणार? पन्नाशीत परत कापून घ्यायचं का? मागावर उभं राहता येईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भाऊ, तुम्ही माग चालवता म्हणून त्या प्लास्टिकची हकीकत तुम्हाला सांगते. आमच्या वॉर्डात एक सर विद्यार्थ्यांना ती सांगत आणि मी ड्रेसिंगची ट्रे हातात घेऊन ऐकत उभी राहायची. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली नावाचे सर्जन होते. त्यांनी आधी वाटीसाठी टेफ्लॉन नावाचं गुळगुळीत प्लास्टिक वापरलं. रुग्ण चालू लागले, पण काही वर्षांतच ते झिजलं आणि सांधे पुन्हा उघडावे लागले. टेफ्लॉनचं शरीरात काय होतं हे बघायला त्यांनी त्याचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले होते. मग १९६२ मध्ये एक विक्रेता नव्या जातीचं कणखर पॉलिथिन घेऊन त्यांच्या प्रयोगशाळेत आला. ते कुठे वापरात होतं? लँकेशरच्या कापड गिरण्यांत, मागांच्या दातेरी चाकांना. चार्नलींना ते पहिल्यांदा पसंत पडलं नाही. त्यांच्या तंत्रज्ञानं मात्र ते यंत्रावर घासत ठेवलं आणि ते झिजेचना. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते माणसाच्या खुब्यात बसलं. आज वापरतात त्या पॉलिथिनची सुधारलेली जात आणखी कमी झिजते.

आता वर्षं. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून हिशोब आला होता. बदललेल्या खुब्यांपैकी १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के, २० वर्षांनी ७० टक्के आणि २५ वर्षांनी ५८ टक्के जागच्या जागी होते. हे सगळ्या वयांचे आकडे आहेत आणि सांधेही जुन्या बनावटीचे. तरुण माणूस जास्त चालतो, जास्त वर्षं जगतो, त्यामुळे तुमच्या वयाला जन्मात पुन्हा एकदा ऑपरेशन लागण्याची शक्यता खरीच जास्त आहे. ते मी लपवणार नाही. पण पन्नाशीतच लागेल असं धरून चालायचं कारण नाही. आणि गोळा एकदा बसला की तो परत गोल होत नाही. तोवर लंगडत काढलेली वर्षं कमरेवर आणि दुसऱ्या पायावर निघतात.

दुसऱ्या, डाव्या खुब्याबद्दल मात्र आजच विचारा. त्याचा गोळा अजून बसला नसेल तर हाडाला बारीक भोक पाडून आतला दाब कमी करायचं छोटं ऑपरेशन काही जणांना उपयोगी पडतं. ते कोणत्या टप्प्यापर्यंत करता येतं हे एमआरआय बघून डॉक्टर सांगतील. इथे दिवस घालवू नका. दारू घेत असाल तर सोडा, ती याच आजाराचं मोठं कारण आहे.

मागावर उभं राहणं काही महिन्यांनी बहुतेकांना जमतं. बीम उचलणं, खांद्यावर सुताचं ओझं घेणं, ओल्या फरशीवरची धावपळ, हे बदलावं लागेल. तेव्हा मालकाशी ऑपरेशनच्या आधी बोला, नंतर नाही. तीन महिने हातात पगार नाही असं धरून घरचा हिशोब मांडा. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर तिथे, नसेल तर रेशनकार्ड नि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, त्या योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का ते लेखी विचारा. तुमच्या वयाच्या माणसाची निम्मी भीती पैशाची असते, आणि ती उसासे टाकून नाही, कागद गोळा करूनच कमी होते.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं, वय ७१, खुब्याचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलंय. ते काहीच बोलत नाहीत, विचारलं की खेकसतात. आमचं जुनं घर आहे, भारतीय पद्धतीचा संडास, दाराला तीन पायऱ्या, ते खाली गादीवर झोपतात. आम्ही काय तयारी करू?
– एक सूनबाई, साखर पेठ

उत्तर : बाळ, ‘बाबा, भीती वाटते का’ असं त्यांना विचारू नकोस. त्या पिढीचा पुरुष ‘हो’ म्हणणार नाही. ‘बाबा, कमोडची खुर्ची कुठे ठेवायची? वॉकर बोळातून जाईल का, माप घेऊ या का?’ असं विचार. एकदा टेप हातात आला की बोलतील.

कमोडची उंच खुर्ची विकत किंवा भाड्यानं मिळते, ती आधीच आणून त्यांना बसून बघू दे. पलंग असा हवा की बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील. नेहमीचा बुटका असेल तर पायांखाली पक्के ठोकळे लावा. हात टेकायची खुर्ची हवी, प्लॅस्टिकची घसरणारी नको. सतरंज्या, पायपुसणी गुंडाळून ठेवा. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून बोळात नि मोरीत पिंपं, घागरी, बादल्या मांडलेल्या असतात. वॉकर अडतो तो नेमका तिथे, आणि सांडलेल्या पाण्यावर पाय घसरतो. ती पिंपं आधी हलव. मोरीच्या भिंतीला धरायला दांडी ठोकून घ्या, नळाला धरून उठायचं नाही.

पायऱ्यांचं सोपं आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. कागदावर लिहून दाराशी चिकटव. पहिल्या सहा ते बारा आठवड्यांत खाली वाकून काही उचलायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांत उशी ठेवायची. मागून चीर दिलेली असेल तर हे फार कडक पाळतात. कोणत्या बाजूनं दिली ते विचारून घे.

भेटायला येणाऱ्यांना पहिले काही दिवस फोनवरच थांबव. शेंगाचटणी, कडक भाकरी घेऊन सगळी भावकी येते, खाटेवर बसते आणि जखमेचा वास घेत गप्पा मारते. संसर्गाचं कारण सांग, कुणाला राग आला तर येऊ दे. आणि दवाखान्यात रात्री तू थांबू नकोस. सासरे सुनेपुढे लघवीचं भांडं मागणार नाहीत, तासन्‌तास कळ सोसत पडून राहतील. त्यांच्या मुलाला रजा काढायला सांग, निदान पहिल्या दोन रात्री.